चार खोल्यांचे लॉज चालवताना : मराठवाड्यातील नव्या यजमानांसाठी

तुळजापूर, परळी, औंढा, माहूर, नांदेड, वेरूळ, पैठण या गावांत घराच्या वरच्या मजल्यावर चार-पाच खोल्या काढून त्या प्रवाशांना देणारी अनेक कुटुंबे आहेत, आणि या व्यवसायात नव्याने पडू पाहणारीही कमी नाहीत. बांधकाम, फर्निचर आणि पाटी यांवर त्यांचे बहुतेक भांडवल खर्च होते. पाहुण्याच्या लक्षात मात्र यांतले फारसे काही राहत नाही. दिवसभर एसटीत किंवा जीपमध्ये धूळ खाऊन आलेल्या माणसाला जिथे साधीसाधी गोष्ट मागावी लागत नाही, ती आधीच जागेवर असते, तो मुक्काम तो चार लोकांना सांगतो. जिथे टॉवेलपासून गरम पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी खाली काउंटरवर यावे लागते, तिथे खोली कितीही चकचकीत असली तरी तो दुसऱ्यांदा येत नाही. पुढील पायऱ्या याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : येणारा कोण, हे ठरवणे

‘येईल त्याला खोली’ हे धोरण ऐकायला उदार वाटते, परंतु त्यातून तयार होणारी खोली कोणाच्याच पुरत्या सोयीची नसते. आपल्या गावात कोण येते आणि कशासाठी येते, हे आधी कागदावर लिहून काढावे.

तुळजापूरला शारदीय नवरात्रात आणि कोजागिरीला येणारी मंडळी बहुधा कुटुंबकबिल्यासह येतात. त्यांना दोन पलंगांपेक्षा मोकळी फरशी आणि जास्तीच्या गाद्या यांची गरज अधिक असते. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, पायी चालत येणारे भाविक असतात. अशा लोकांसाठी दारातच एक बाकडे आणि पाय शेकायला मिठाच्या गरम पाण्याची बादली ठेवणारे एक लॉजमालक मी पाहिले आहेत. खोलीचे भाडे सांगण्याआधी ते बादली पुढे सरकवत असत, आणि त्यानंतर भाड्यावरून घासाघीस झाल्याचे मला तरी आठवत नाही.

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनासाठी पंजाबातून येणारे यात्री काही दिवस राहतात. गुरुद्वाऱ्याची स्वतःची यात्री निवासे आहेतच. तरीही जे खासगी लॉजमध्ये उतरतात त्यांच्यासाठी पगडी बांधताना उभे राहता येईल असा मोठा आरसा आणि केस धुण्यापुरते भरपूर पाणी या दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. आधीच्या पाहुण्याच्या सिगारेटचा वास असलेली खोली त्यांना चुकूनही देऊ नये. लातूरला प्रवेशाच्या आणि परीक्षांच्या दिवसांत मुलाला घेऊन आलेले आईवडील उतरतात. त्यांना टीव्ही नको असतो, मुलाला रात्री वाचता येईल असे टेबल आणि त्यावर नीट पडणारा उजेड हवा असतो. छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारखेसाठी आलेल्या पक्षकाराला सकाळी इस्त्री आणि जवळचे झेरॉक्सचे दुकान हवे असते. प्रत्येकाची गरज वेगळी असल्यामुळे दुसऱ्या गावातल्या लॉजची नक्कल करून आपले लॉज उभारता येत नाही.

दुसरी पायरी : आपल्याच खोलीत एक रात्र झोपणे

खोली तयार झाली की पहिला पाहुणा येण्यापूर्वी यजमानाने स्वतः, शक्यतो पतीपत्नीने, पिशवी घेऊन तिथे मुक्कामाला जावे आणि रात्री घरातून काहीही मागवू नये. मागवावीशी वाटलेली प्रत्येक वस्तू वहीत टिपून ठेवावी. खोलीत कमी काय आहे याची तीच यादी.

या यादीत सहसा मोठ्या वस्तू नसतात. न्हाणीघरात कपडे अडकवायला खुंटी नसते, किंवा असते ती नेमकी पाण्याच्या फवाऱ्याखाली असते. दिव्याचे बटण दारापाशी आणि पलंग दुसऱ्या टोकाला असल्यामुळे अंधारात चाचपडावे लागते. मोबाईल चार्ज करण्याचा सॉकेट कपाटामागे गेलेला असतो. ओले धोतर किंवा साडी वाळत घालायला दोरी नसते, आणि तीर्थक्षेत्री आंघोळीनंतर सर्वांत आधी लागते ती दोरीच. दाराची आतली कडी ढिली असते. कूलरचा आवाज असा असतो की तो बंद केला तर उकडते आणि चालू ठेवला तर झोप लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या प्रदेशात ही बाब किरकोळ समजू नये. वीज गेल्यावर निदान एक पंखा आणि एक दिवा चालेल इतका इन्व्हर्टर असावा. खिडक्यांना डासांची जाळी लावून घ्यावी. उदबत्ती आणि मशीन हे जाळीला पर्याय होत नाहीत.

चादरी आणि अभ्रे यांचे प्रत्येक पलंगामागे तीन संच ठेवावेत : एक पलंगावर, एक धुण्यात आणि एक कपाटात. दोन संचांवर भागवणाऱ्याची पावसाळ्यात फजिती होते, कारण धुतलेले वाळत नाही आणि दारात पाहुणा उभा असतो. चादर बदलताना शक्य असेल तर ती पाहुण्यासमोर घालावी. वापरलेली चादर झटकून पुन्हा अंथरली आहे की काय, ही शंका लॉजवर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते आणि ती तोंडाने बोलून फिटत नाही.

तिसरी पायरी : पाणी

मराठवाड्यातल्या पाहुणचाराचा कस पाण्यावर लागतो, म्हणून या पायरीवर थोडे थांबावे लागेल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या प्रदेशाने ते पाहिले आहे, तिथे लॉज काढणाऱ्याने पाण्याचा हिशेब खोल्यांच्या आराखड्याआधी मांडला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. चार खोल्यांत बारा माणसे धरली तर दिवसाला १,६२० लिटर लागतात, आणि त्यात चादरी धुण्याचे व फरशी पुसण्याचे पाणी आलेले नाही. म्हणून गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी ही किमान गरज समजावी आणि जमिनीखाली हौद बांधावा. हौदाचे आकारमान ठरवताना आपल्या गावात टँकर किती लिटरचा येतो याची चौकशी करावी, कारण हौद टँकरपेक्षा लहान असेल तर पूर्ण टँकरचे पैसे देऊनही उरलेले पाणी परत जाते. मार्च उजाडल्यावर टँकरवाल्याशी ओळख काढायला जाऊ नये. ती दिवाळीतच करून ठेवावी.

बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, नळांवर पांढरे थर चढतात, शॉवरची भोके बुजतात आणि गिझरची कॉइल थर धरून जळते. यावर उपाय दोन. शॉवरच्या जाळ्या दर काही आठवड्यांनी काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात, आणि शॉवर कितीही भारी असला तरी खाली मोठी, स्वच्छ बादली आणि मग ठेवावेतच. आपल्याकडच्या पाहुण्याचा बादलीवर विश्वास असतो, आणि तिच्यात पाणीही कमी लागते. पांढऱ्याशुभ्र चादरींचा हट्ट जड पाण्यात टिकत नाही. त्या काही धुण्यांतच मळकट दिसू लागतात, तेव्हा फिक्या रंगाच्या सुती चादरी घेतलेल्या बऱ्या.

गरम पाण्याबाबत सर्वाधिक तक्रारी पहाटेच्या असतात. देवदर्शनाला निघणारा पाहुणा चार-साडेचारला उठतो, आणि सोलरचे पाणी त्या वेळी, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, कोमट उरलेले असते. सोलरला गिझरची किंवा बंबाची जोड द्यावी आणि ‘गरम पाणी पहाटे ४ ते ९’ असे जे काही खरे असेल ते खोलीत लिहून लावावे. चोवीस तास गरम पाण्याचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा पाच तासांचे देऊन ते पाळणारा यजमान पाहुण्याला आवडतो.

पिण्याच्या पाण्याचा जार जिन्यात ठेवून भागत नाही. खोलीत झाकलेले भांडे आणि पालथे घातलेले दोन स्वच्छ पेले पाहुणा येण्यापूर्वीच असावेत. उन्हाळ्यात माठ असेल तर उत्तम. आणि पाणी जपून वापरण्याची विनंती करायची असेल तर ती विनंतीसारखी असावी. आपल्याकडील लॉजच्या भिंती ‘सक्त मनाई’ आणि ‘दंड आकारला जाईल’ अशा पाट्यांनी भरलेल्या असतात, आणि पाहुण्याशी यजमानाचे पहिले बोलणे तिथेच बिघडते. ‘आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, हे पाणी टँकरचे आहे’ एवढे लिहिले तरी समजूतदार माणूस नळ बंद करतो.

चौथी पायरी : फोनवरचे बोलणे आणि दर

पाहुण्याचे स्वागत दारात होत नाही, फोनवर होते. फोन घेणाऱ्याने चार गोष्टी पाहुण्याने विचारण्याआधी सांगाव्यात : एकूण भाडे किती, त्यात किती माणसे, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे की नाही, आणि वाहन कुठे उभे राहील. मग त्याच माहितीचा लेखी निरोप लोकेशनसह व्हॉट्सॲपवर पाठवावा. बसस्थानकावर उतरल्यावर रिक्षावाल्याला काय सांगायचे आणि साधारण किती पैसे द्यायचे, हेही त्यात लिहावे. अनोळखी गावात पाहुण्याची पहिली फसवणूक तिथेच होत असते आणि तिचा राग तो आपल्या काउंटरवर काढतो.

नवरात्र, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, पैठणची नाथषष्ठी या दिवसांत दर वाढवणे हा व्यवहार आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र वाढीव दर वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून दर्शनी भागात लावावा. दारात आलेल्या कुटुंबाच्या गाडीचा नंबर आणि मुलांचे थकलेले चेहरे पाहून दर ठरवणारा यजमान त्या रात्री कमावतो, पण पुढच्या वर्षी ते कुटुंब शेजारच्या लॉजवर उतरते. ॲडव्हान्स घेतला असेल तर तो कधी परत मिळेल आणि कधी नाही, हेही आधीच सांगावे.

पाचवी पायरी : पहिला अर्धा तास आणि कागदपत्रे

पाहुणा दारात आला की आधी बसायला जागा, मग पाणी, आणि त्यानंतर रजिस्टर, हा क्रम मोडू नये. एकाने नोंद करावी, तोवर इतरांना खोलीत जाऊ द्यावे; म्हातारी माणसे आणि लहान मुले काउंटरसमोर ताटकळत ठेवण्याचे काहीच कारण नसते.

नोंद मात्र चोख हवी. नाव, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, वाहन क्रमांक आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी. मूळ ओळखपत्र आपल्याकडे ठेवून घेऊ नये. आधारची प्रत देण्यास कोणी कचरत असेल तर शेवटचे चार आकडेच दिसणारे मास्क्ड आधार किंवा दुसरे सरकारी ओळखपत्र स्वीकारावे. परदेशी पाहुणा असल्यास त्याच्या आगमनाची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारी पोर्टलवर भरणे बंधनकारक आहे. व्यवसायात यालाच ‘सी फॉर्म’ भरणे म्हणतात. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर लॉज असेल तर पोर्टलवरची नोंदणी आधीच करून ठेवावी, नाहीतर रात्री दहा वाजता दमून आलेल्या परदेशी पाहुण्याला परत पाठवावे लागते.

इतर परवान्यांचे थोडक्यात : स्थानिक ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद आणि पोलीस ठाणे यांच्याकडे चौकशी करावी; स्वयंपाक करून देणार असाल तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते; घरातल्याच खोल्या देणार असाल तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडील ‘निवास व न्याहरी’ योजनेची माहिती घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटीचा दर ५ टक्के आहे; तो आपल्याला लागू होतो का, हे उलाढालीवर अवलंबून असल्याने कर सल्लागाराला विचारावे.

सहावी पायरी : जेवण

चार खोल्यांच्या यजमानाने मेनूकार्ड छापण्याच्या फंदात पडू नये. पनीरचे सहा प्रकार हमरस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्यावर मिळतात. पाहुण्याला आपल्याकडे हवी असते ती ज्वारीची किंवा बाजरीची गरम भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, एखादी पालेभाजी आणि ताक. नाश्त्याला पोहे कुठेही मिळतात; चुरमुऱ्यांचा सुशीला पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने बहुधा खाल्लेला नसतो आणि तो झटपट होतो. थंडीत हुरडा आणि मे महिन्यात केसर आंबा यांची सोय करता आली तर पाहुणा त्यासाठी म्हणून पुन्हा येतो.

तिखटाबद्दल मात्र आधी विचारावे. आपल्या घरची नेहमीची भाजी बाहेरच्या माणसाला झणझणीत लागते, आणि भिडेपोटी तो न बोलता अर्धे ताट टाकून उठतो. उपवास आहे का, कांदा-लसूण चालतो का, जेवण किती वाजता हवे, हे संध्याकाळी पाचपर्यंत विचारून घेतले की स्वयंपाकघरात धांदल होत नाही. उशिरा पोहोचणाऱ्यासाठी पिठले-भाकरी करता येईल इतके सामान नेहमी घरात असावे. पहाटे निघणाऱ्याला न्याहारी बांधून द्यायची असेल तर दशम्या किंवा धपाटे आणि कोरडी चटणी द्यावी. उन्हात टिकते तेच द्यावे.

सातवी पायरी : गावाची आणि आसपासची खरी माहिती

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. एवढे एक वाक्य वेळेवर सांगितले नाही म्हणून कितीतरी कुटुंबांचा सुट्टीचा दिवस वाया जातो. ते फोनवरच सांगावे, कारण खोलीत आल्यावर सांगून फारसा उपयोग नसतो.

याच प्रकारची माहिती यजमानाने स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून गोळा करावी. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे त्यांच्यात ऊन दुपारनंतर शिरते. कोरीवकाम नीट पाहायचे आणि छायाचित्रे घ्यायची असतील तर दुपार उलटल्यावर जावे, आणि वृद्ध माणसे बरोबर असतील तर सकाळच्या गारव्यात. चौतीसही लेणी एका दिवसात पाहण्याचा आग्रह सोडून सोळावे कैलास लेणे आणि त्याच्या आजूबाजूची थोडी निवडावीत. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढून जावे लागते, हे आधी माहीत असले की ऐनवेळी संकोच होत नाही. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर आपले वाहन सोडून पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते आणि मग पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर असल्याने वेरूळ आणि अजिंठा एकाच दिवशी करण्याचा बेत पाहुण्याने सांगितला तर त्याला स्पष्टपणे परावृत्त करावे, मग त्यामुळे आपली एक रात्र वाढते आहे असे त्याला वाटले तरी हरकत नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्यात डोके झाकावे लागते. चार स्वच्छ मोठे रुमाल काउंटरवर ठेवायला खर्च नगण्य येतो.

बंद वार, अंतरे, शेवटची एसटी, रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर असा एक कागद मराठी व हिंदीत करून खोलीत लावावा, आणि तो दर काही महिन्यांनी तपासावा. दुकानदाराकडून किंवा गाडीवाल्याकडून कमिशन घेऊन पाहुण्याला पाठवण्याची प्रथा सर्वत्र आहे. पैठणीच्या दुकानात फसलेला पाहुणा त्या दुकानदाराला विसरतो, पण तिथे पाठवणाऱ्याला विसरत नाही.

आठवी पायरी : एकटी स्त्री, वृद्ध आणि इतर

एकट्या स्त्रीला खोली नाकारणारी लॉज अजूनही आहेत. नियुक्तीसाठी, परीक्षेसाठी किंवा कोर्टाच्या कामासाठी आलेल्या बाईला रात्री आठ वाजता ‘सोबत कोण आहे’ असे विचारणे हा अपमान आहे, आणि तो कोणत्याही नियमात बसत नाही. तिला जिन्याच्या टोकाची नव्हे, तर यजमान कुटुंबाच्या जवळची खोली द्यावी, खोलीचा क्रमांक इतरांसमोर मोठ्याने उच्चारू नये, आणि रात्री काही द्यायचे असल्यास घरातल्या बाईने जावे. खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे असते, हे तिने विचारण्याआधी सांगावे.

वृद्धांसाठी तळमजल्यावरची एक खोली राखून तिथे कमोड, धरायला दांडा आणि न घसरणारी फरशी करावी. ही खोली रिकामी राहिली तरी चालेल, ती तरुणांना शेवटी द्यावी. गाडीच्या चालकाला झोपायला जागा आणि जेवण द्यावे; तो पुढच्या वेळी दुसरे कुटुंब घेऊन येतो, हा फायदा वेगळाच.

नववी पायरी : बिघाड आणि निरोप

गिझर बंद पडेल, मोटर जळेल, वीज जाईल. हे सगळे नेमके भरल्या सीझनमध्ये होईल. पाहुण्याला त्या बिघाडाचा त्रास होतो, पण ‘पाच मिनिटांत होईल’ हे उत्तर तासभर ऐकण्याचा त्रास त्याहून अधिक होतो. दुरुस्तीला खरोखर किती वेळ लागेल ते सांगावे आणि तोवर चुलीवर पाणी तापवून बादली वर पोहोचवावी. चूक आपली असेल तर भाड्यातून काही रक्कम मागण्याआधीच कमी करावी. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांचे प्रत्येकी दोन नंबर हाताशी असावेत, कारण सणाला पहिला फोन उचलत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री बिल तयार ठेवावे, म्हणजे पहाटे पाचच्या गाडीसाठी निघालेल्या पाहुण्याला मालकाला उठवत बसावे लागत नाही. बिलात फोनवर सांगितलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही वेगळा नसावा. यूपीआयचा क्यूआर कोड काउंटरवर असावा आणि रोखीने देणाऱ्यांसाठी सुटे पैसेही. चेक-आऊटची वेळ झाली असली तरी दुपारच्या रेल्वेपर्यंत सामान ठेवायला आणि हातपाय धुवायला जागा द्यावी. खोली रिकामी होताच एकदा पलंगाखाली, खुंटीवर आणि सॉकेटपाशी पाहावे. चार्जर, जपमाळ, औषधाची डबी आणि लहान मुलांची चप्पल या वस्तू सर्वाधिक राहतात. त्यांवर खोली क्रमांक आणि तारीख लिहून पिशवीत ठेवाव्यात आणि त्याच दिवशी पाहुण्याला फोन करावा. औषधे असतील तर तो गावाबाहेर पडण्यापूर्वीच करावा.